आधी प्रश्न नीट वाचा

(डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या १९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडं नीटनेटकं केलं आहे.)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं, "तू आय.टी.तली आहेस, तर मुलांनी कॉम्प्युटरमध्ये करिअर कसं करावं यावर बोल." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की समोर मुलं नसणारच, समोर आपणच असणार. आणि आपल्या वयात करिअरवर भाषण ऐकणं म्हणजे शिक्षा. म्हणून मी विषय बदलून घेतला. मला आज आपल्या मोठ्या सरांबद्दल बोलायचं आहे, म्हणजे एक मुख्याध्यापक शाळेचे प्रश्न कसे सोडवतो, ते त्याला कसं जमायला लागतं, आणि कधीकधी जमत का नाही, याबद्दल.

मोठे सर आज ८१ वर्षांचे आहेत आणि समोर बसले आहेत. मी महिनाभरापूर्वी त्यांच्या घरी जाऊन परवानगी घेतली. ते म्हणाले, "बोल. पण नुसतं कौतुक करणार असशील तर मी चहा प्यायला उठून जाईन." तेव्हा सर, तुम्हाला शेवटपर्यंत बसावं लागणार आहे.

तुम्हाला आठवत असेल, परीक्षेच्या दिवशी पेपर वाटून झाले की मोठे सर वर्गावर्गातून फिरायचे आणि दारातूनच एक वाक्य म्हणायचे. "आधी प्रश्न नीट वाचा." बस्स, एवढंच. ऑल द बेस्ट नाही, काही नाही. आम्हाला वाटायचं, सर प्रश्नपत्रिकेबद्दल बोलतायत. बरीच वर्षं गेल्यावर मला कळलं की ते स्वतःलाही तेच सांगत असायचे.

आता १९९५ च्या ऑगस्टची गोष्ट सांगते. आपण नववीत होतो. गावातल्या मुलांना ही गोष्ट कदाचित आठवणार नाही, कारण ती तुमच्या बाबतीत घडलीच नाही. आम्ही वरच्या वाड्यांवरच्या ११ मुली एस.टी.ने यायचो. वर रात्री मुक्कामी गाडी असायची, ती सकाळी खाली निघायची आणि सव्वादहाला स्टँडवर पोहोचायची. शाळा पावणेअकराची. दहा मिनिटं चालत आलं तरी प्रार्थनेला वेळेवर. त्या वर्षी पावसात घाटातला रस्ता खचला आणि गाडीचा मुक्काम बंद झाला. म्हणजे गाडी सकाळी डेपोतून सुटणार, आधी वर येणार आणि मग आम्हाला घेऊन खाली जाणार. आम्ही स्टँडवर उतरायचो अकरा वाजून दहा मिनिटांनी. शाळेत पोहोचेपर्यंत पहिला तास संपत आलेला.

मग काय झालं? पहिल्या दिवशी वर्गाबाहेर उभं राहणं. दुसऱ्या दिवशी उभं राहणं. चौथ्या दिवशी वहीत शेरा आणि "उद्या पालकांना घेऊन या." आता पालक येणार कसे? त्याच गाडीने, म्हणजे तेही उशिराच. आणि रोजगार बुडवून. आमच्यापैकी कुणीही वर्गात तोंड उघडून सांगितलं नाही की गाडीची वेळ बदलली आहे. आज मला याचं नवल वाटतं, पण तेव्हा शिक्षकांना कारण सांगणं म्हणजे उलट बोलणं असं आम्हाला वाटायचं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ११ पैकी चार मुली यायच्या बंद झाल्या. त्यात मी होते. माझे वडील म्हणाले, "रोज बाहेर उभं राहायला कशाला जायचं? पुरे झालं आता." त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्यांना समोर जे दिसत होतं त्याचा तोच अर्थ होत होता.

शिक्षक-कक्षात तेव्हा काय बोलणं चालू होतं, हे मला पुढे कळलं. "वाड्यांवरच्या मुलींना शिस्त नाही," असं एक मत. "एकदा दंड लावा, सगळ्या वेळेवर येतील," असं दुसरं. प्रश्न होता उशिरा येण्याचा आणि उत्तर होतं दंड. सरळ हिशेब.

मोठ्या सरांनी काय केलं? त्यांनी पाचही वर्गांची हजेरीपत्रकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एका वर्गाच्या हजेरीत दोन-तीन मुली उशिरा दिसत होत्या, त्यात विशेष काही वाटत नव्हतं. पाच हजेऱ्या एकत्र लावल्यावर दिसलं की उशीर एकाच दिवसापासून सुरू झाला आहे आणि सगळ्या नावांपुढचं गाव एकाच रस्त्यावरचं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्टँडवर जाऊन उभे राहिले. गाडी कधी येते ते पाहिलं. कंडक्टरशी बोलले. तिथून थेट डेपो मॅनेजरकडे गेले.

डेपो मॅनेजरने सांगितलं, रस्ता दुरुस्त होईपर्यंत मुक्काम करता येणार नाही. म्हणजे उत्तर मिळालं नाही. इथे बरेच लोक थांबले असते, "आम्ही पत्र दिलं आहे" म्हणून. सरांनी परत येऊन वेळापत्रक काढलं. ज्या वर्गांत या मुली होत्या, तिथे पहिल्या तासाला गणित किंवा इंग्रजी होतं. ते उचलून दुपारी नेलं आणि पहिल्या तासाला शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव लावलं. दिवाळीपर्यंत. आपले खेळाचे सर आठ दिवस रागावले होते, ते आता हसतायत. मग एका रविवारी मोठे सर आणि विज्ञानाच्या बाई पायी वर चढून वाड्यांवर आले. आमच्या अंगणात घोंगडीवर बसले. वडिलांना सर म्हणाले, "उशीर तुमच्या पोरीचा नव्हता, गाडीचा होता. ते आम्हाला उशिरा कळलं. पाठवा तिला."

चारपैकी तिघी परत आलो. चौथी आली नाही. तिचं लग्न ठरलं होतं. सर तिच्याकडे पोहोचले तेव्हा दहा दिवस उशीर झाला होता.

मी पुढे दहावी झाले, बारावी झाले, कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली, पुण्यात नोकरीला लागले. या सगळ्याच्या मुळाशी एक बदललेलं वेळापत्रक आहे, हे मी कधी विसरले नाही. पण सरांना ते सुचलं कसं, हा प्रश्न मला पडला तो बऱ्याच वर्षांनी, माझ्या स्वतःच्या कामात एकदा सपशेल तोंडावर आपटल्यावर.

२०१६ सालची गोष्ट. माझ्या नोकरीला तेव्हा १३ वर्षं झाली होती. रात्री अकराला फोन आला की ग्राहकांची बिलं निघत नाहीयेत. मी लक्षणं ऐकली आणि म्हटलं, हे मला माहीत आहे, डेटाबेसवर ताण आलाय. मागच्या वर्षी अगदी असंच झालं होतं. आम्ही ती यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली. फरक पडला नाही. मी म्हटलं, पुन्हा करा. तीन तास आम्ही डेटाबेसच्या मागे होतो. पहाटे दोनला टीममधली सगळ्यात नवी मुलगी, नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली, भीतभीत म्हणाली, "मॅडम, ताण डेटाबेसवर असेल तर मग हे एकाच मार्गाने येणाऱ्या ग्राहकांनाच का होतंय?" पाहिलं तर त्या मार्गावरच्या एका सुरक्षा-सर्टिफिकेटची मुदत त्या रात्री संपली होती. दुरुस्तीला २० मिनिटं लागली.

माझ्याजवळ १३ वर्षांचा अनुभव होता आणि त्याच अनुभवाने मला तीन तास आंधळं केलं होतं. मला उत्तर आधीच माहीत होतं, म्हणून मी प्रश्न वाचलाच नाही.

त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागले. आमच्या क्षेत्रात तज्ज्ञ कसा घडतो यावर वाचता वाचता कॅनडातल्या एका कामापर्यंत पोहोचले आणि चकित झाले, कारण ते काम मुख्याध्यापकांवर होतं. टोरांटोमधल्या शिक्षण अभ्यास संस्थेत केनेथ लीथवूड आणि रोझॅन स्टाइनबाख यांनी वर्षानुवर्षं मुख्याध्यापकांचा अभ्यास केला. १९९५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी मुख्याध्यापकांसमोर शाळेतले प्रश्न ठेवले आणि सांगितलं, विचार करता करता मोठ्याने बोला. उत्तम म्हणून नाव असलेले मुख्याध्यापक आणि सर्वसाधारण मुख्याध्यापक यांच्या विचारात फरक कुठे पडतो, हे त्यांना बघायचं होतं.

सरळ, नेहमीच्या प्रश्नांत फारसा फरक दिसत नाही. प्रवेशाच्या तारखा, परीक्षेचं वेळापत्रक, हे सगळ्यांना येतं. फरक पडतो तो गुंतागुंतीच्या प्रश्नांत, जिथे नक्की काय बिघडलंय हेच स्पष्ट नसतं. तिथे सर्वसाधारण मुख्याध्यापक पटकन उत्तराकडे जातो. तज्ज्ञ मुख्याध्यापक प्रश्न समजून घेण्यात अधिक वेळ घालवतो. प्रश्नाचा संबंध शाळेच्या मोठ्या उद्देशाशी जोडतो. आपण काय गृहीत धरतोय ते तपासतो. वाटेत कोणत्या अडचणी येतील याचा आधीच विचार करतो. शिक्षकांच्या सभेत स्वतःचं मत सांगतो, पण इतरांचं मत दाबत नाही. आणि शांत असतो.

मी हे वाचलं आणि मला पाच हजेरीपत्रकं आठवली. बाकीच्यांना 'उशीर' दिसत होता. सरांना 'गळती' दिसली. उशिराचा प्रश्न दंडाने सुटतो असं वाटू शकतं. गळतीचा प्रश्न दंडाने वाढतो. प्रश्नाचं नाव बदललं की उत्तर बदलतं.

आपल्यापैकी जे विज्ञान शिकवतात त्यांना आणखी एक प्रयोग आवडेल. १९८१ मध्ये मिशेलिन ची आणि तिच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राची गणितं लोकांना गट पाडायला दिली. नवशिक्यांनी उतरणीची गणितं एका गटात आणि स्प्रिंगची दुसऱ्या गटात टाकली, म्हणजे चित्र बघून. जाणकारांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारी एका गटात आणि न्यूटनच्या नियमांनी सुटणारी दुसऱ्या गटात टाकली. गणितं तीच, पण डोळ्यांना दिसणारी गोष्ट वेगळी. अनुभव नीट मुरला की माणसाला चित्राच्या आतलं दिसायला लागतं.

'नीट मुरला की' हे शब्द मी मुद्दाम वापरते आहे. कारण अनुभव आणि वर्षं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे खासगी अनुदानित शाळांमध्ये मुख्याध्यापकपद साधारणपणे सेवाज्येष्ठतेने मिळतं, १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे. त्यामागे न्याय आहे. संस्थाचालकांच्या मर्जीपेक्षा यादी बरी. पण यादी वर्षं मोजते. वर्षांनी माणसाला काय शिकवलं, ते यादीला मोजता येत नाही. ३० वर्षं काम केलेल्या एखाद्याजवळ ३० वर्षांचा अनुभव असतो, आणि एखाद्याजवळ एकाच वर्षाचा अनुभव ३० वेळा असतो. आमच्या क्षेत्रातही अगदी हेच आहे, मी शाळेला वेगळं काढत नाही.

मग मी २०१८ मध्ये दिवाळीला गावी आले तेव्हा सरांकडे गेले आणि सरळ विचारलं, "सर, तुम्हाला हजेऱ्या शेजारी शेजारी ठेवायचं सुचलं कसं?"

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आधी एकदा चुकलो होतो म्हणून."

१९८० च्या सुमारास सर दुसऱ्या एका शाळेत पर्यवेक्षक होते. तिथे त्यांनी स्वतः उशिरा येणाऱ्यांना दंड लावला होता. आठवड्याभरात उशीर बंद झाला. मुख्याध्यापकांनी शाबासकी दिली. वर्ष संपताना पट तपासताना सरांना दिसलं की सात नावांपुढे 'नाव कमी' असा शेरा आहे. सातही ऊसतोड मजुरांची मुलं. उशीर बंद झाला होता कारण उशिरा येणारे यायचेच बंद झाले होते. सर म्हणाले, "सगळ्यांना वाटलं नियम यशस्वी झाला. माझ्याजवळ पट होता म्हणून मला खरं कळलं. तेव्हापासून कुणी 'उशीर' म्हणालं की मी आधी गाव विचारतो."

मित्रहो, आमचा उशीर सर अर्ध्यातच ओळखू शकले, कारण त्या सात मुलांचा निकाल त्यांनी स्वतः शोधून काढला होता. तो पट त्यांनी चाळलाच नसता, तर तोच दंड त्यांनी आपल्या शाळेतही लावला असता, १५ वर्षांच्या अनुभवाने आणि पूर्ण आत्मविश्वासाने. मग मी आज इथे नसते.

आता सरांनी जे सांगायलाच हवं म्हणून बजावलं आहे, ते सांगते. आपल्या वर्गातला एक मित्र इथे बसला आहे. त्याचीही परवानगी मी घेतली आहे, नाव मात्र घेत नाही. ओळखणारे ओळखतील.

आपल्या दहावीच्या वर्षी रात्रीची अभ्यासिका असायची. शाळेतच, दोन वर्गांत ट्यूबलाइट लावून, आठ ते साडेदहा. घरी दिवा नसलेल्यांसाठी ती मोठी सोय होती. हा मित्र तिथे यायचा आणि बाकावर डोकं टेकून झोपायचा. कधी दोन दिवस यायचाच नाही. दोनदा भांडणं झाली. जानेवारीत सरांनी त्याला अभ्यासिकेतून काढून टाकलं. सगळ्यांसमोर. "तुझ्यासारखी पोरं मी खूप पाहिली आहेत," असं सर म्हणाले. तुमच्यापैकी अनेकजण त्या रात्री तिथे होतात.

त्याचे वडील नोव्हेंबरपासून अंथरुणाला खिळले होते. तो पहाटे तीनला उठून सायकलवर दूध गोळा करायचा आणि डेअरीत घालून शाळेत यायचा. मार्चमध्ये त्याचं गणित राहिलं. ऑक्टोबरमध्ये सुटलं, पण तोवर त्याच्या बरोबरीचे सगळे पुढे गेले होते आणि तो पुढे शिकला नाही.

सरांना हे कळलं सहा-सात वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, त्याच्याकडूनच दूध घेताना. मला सर म्हणाले, "त्या पोराला मी प्रश्न विचारलाच नाही. कारण मला वाटलं, उत्तर मला माहीत आहे."

शब्दांत थोडा फरक, पण हे माझंच २०१६ चं वाक्य होतं.

एकच माणूस. एकच शाळा. मुलींच्या उशिराच्या वेळी त्याच्या अनुभवाने त्याला थांबून बघायला लावलं. दीड वर्षाने, दुसऱ्या प्रश्नावर, त्याच्याच अनुभवाने त्याला घाई करायला लावली. हे कसं होतं? यावर मला सापडलेलं सगळ्यात उपयोगी उत्तर डॅनिएल कानेमान आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांच्या २००९ मधल्या लेखात आहे. हे दोघं आयुष्यभर एकमेकांच्या विरुद्ध बाजूला होते. क्लाइन आग विझवणाऱ्या दलाच्या प्रमुखांचा अभ्यास करत होता आणि अनुभवी माणसाच्या अंतर्ज्ञानावर त्याचा विश्वास होता. कानेमान अंतर्ज्ञान कसं फसवतं ते दाखवत होता. शेवटी दोघं बसले आणि ज्यावर एकमत झालं ते लिहिलं. अनुभवी माणसाच्या अंदाजावर कधी भरवसा ठेवावा? दोन अटी. एक, ज्या क्षेत्रात तो काम करतो तिथे गोष्टी काही नियमाने घडत असाव्यात. दोन, आपला अंदाज बरोबर होता की चूक, हे त्याला पुन्हा पुन्हा आणि स्पष्टपणे कळत असावं.

आता मुख्याध्यापकाच्या खुर्चीकडे बघा. आमच्याकडे प्रोग्राम चुकला तर रात्री अकराला फोन येतो. स्वयंपाकात मीठ जास्त पडलं तर दहा मिनिटांत कळतं. मुख्याध्यापकाने आज एका मुलाला वर्गाबाहेर काढलं, किंवा एका मुलीला परत आणलं, तर त्याचा निकाल त्याला कधी कळणार? ते मूल शाळा सोडून जातं. गाव सोडून जातं. बरोबर निर्णयाचा निकालही परत येत नाही आणि चुकीच्या निर्णयाचा तर नाहीच, कारण दुखावलेला माणूस स्नेहमेळाव्याला येत नाही. मग मुख्याध्यापक शिकणार कशावरून? त्याला सात मुलांचा पट सापडला तर तो शिकतो. नाही सापडला तर त्याला फक्त वर्षं मिळतात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आजचा हा कार्यक्रम आपण थोडा वेगळ्या नजरेने बघावा. आपण इथे येतो, सरांच्या पाया पडतो, शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो, वर्गखोलीला पंखे देतो. हे सगळं करूया, मीही पंख्यांच्या यादीत आहे. पण या शाळेने १९९० च्या दशकात घेतलेल्या निर्णयांचा निकाल आहे आपल्याजवळ, आणि तो आपण कधी शाळेला दिलेलाच नाही. आपणच तो निकाल आहोत.

हे आत्ता का, तेही सांगते. आपल्या आत्ताच्या मुख्याध्यापिका बाईंनी गेल्या वर्षी सूत्रं हातात घेतली, २६ वर्षं शिकवल्यावर. त्यांच्या वाट्याला आलेला प्रश्न याआधीच्या एकाही मुख्याध्यापकाने पाहिलेला नव्हता. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, त्या इतका काळ बंद राहिल्या की पाचवी-सहावीत आलेली मुलं सलग परिच्छेद वाचताना अडखळत होती. राज्यभर ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला, त्याचा आधार झाला. पण आपल्या शाळेतल्या कुठल्या मुलाला काय येत नाही, हे कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं. बाईंनी मला सांगितलं, की सुरुवातीला सगळ्या सभांमध्ये एकच प्रश्न होता, "अभ्यासक्रम मागे पडलाय, तो भरून कसा काढायचा?" बाईंनी प्रत्येक शिक्षकाला दहा दहा मुलं दिली आणि सांगितलं, शेजारी बसवून एक पान वाचून घ्या, मग पुन्हा सभा घेऊ. दुसऱ्या सभेत अभ्यासक्रमाचा विषय निघालाच नाही. मी हे ऐकलं आणि मोठ्या सरांकडे पाहिलं. सर नुसते मान हलवत होते.

बाईंचा हा निर्णय बरोबर होता की नाही, हे खऱ्या अर्थाने कळायला आणखी दहा वर्षं लागतील. तोवर त्यांना रोज नवे निर्णय घ्यायचे आहेत. आपण त्यांना काय देऊ शकतो? आपल्या वेळच्या निर्णयांचे निकाल.

आमच्या क्षेत्रात एक चांगली पद्धत आहे. काही मोठं बिघडलं की दुरुस्त झाल्यावर आम्ही एक टिपण लिहितो. काय झालं, तेव्हा आम्ही काय गृहीत धरलं होतं, ते चूक आहे हे कधी आणि कशावरून कळलं, पुढच्या वेळी काय बघायचं. एकच पथ्य असतं, की कुणावर दोष ठेवायचा नाही. दोष ठेवला की पुढच्या वेळी लोक खरं लिहीत नाहीत. २०१६ च्या त्या रात्रीचं टिपण मी लिहिलं आणि त्यात 'मी ऐकून घेतलं नाही' हे वाक्यही लिहिलं. ते लिहिणं सोपं नव्हतं. पण त्यानंतर रात्री फोन आला की मी सगळ्यात नव्या माणसाला आधी बोलायला सांगते.

तसंच आपण करूया. मी एक दोनशे पानी वही आणली आहे. साधी आहे, शाळेच्या समोरच्याच दुकानातून घेतली. प्रत्येकाने एक पान लिहायचं. शाळेने माझ्याबाबतीत घेतलेला एक निर्णय, आणि पुढे त्याचं काय झालं. चांगला किंवा वाईट. नाव लिहायचं की नाही, तुमची मर्जी. शिक्षकांची नावं मात्र नकोत. "मला पुढच्या बाकावर बसवलं, तेव्हा कळलं मला चष्मा लागलाय," एवढंही चालेल. सर आणि बाईंनाही विनंती आहे. तुम्हाला राहून राहून आठवणारा एखादा निर्णय असेल तर तुम्हीही एक पान लिहा. ही वही मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील आणि खुर्चीवर जो नवा येईल त्याने ती आधी वाचावी, एवढीच अपेक्षा.

आज सकाळपर्यंत २३ पानं भरली आहेत. पहिलं पान माझ्या त्या दूधवाल्या मित्राने लिहिलं. त्याची आज डेअरी आहे, सात माणसं कामाला आहेत, आणि त्याची मुलगी याच शाळेत आठवीत आहे. त्याने काय लिहिलं ते मी वाचून दाखवणार नाही. दुसरं पान मोठ्या सरांचं आहे. त्यांनी ते पहिल्या पानाखालच्या मोकळ्या जागेत लिहायला सुरुवात केली आणि मग पुढच्या पानावर गेले.

शेवटी एक मदत मागते. त्या चार मुलींपैकी जी परत आली नाही, तिचं पान कोरं आहे. तिच्या माहेरचं घर आता बंद असतं, भाऊ मुंबईला असतो असं कळतं. कोणत्या गावी दिली होती ते आमच्यापैकी कुणालाच नक्की ठाऊक नाही. २७ वर्षांत आम्ही तिला शोधलं नाही, यात शाळेचा काही दोष नाही, तो आमचा आहे. इथे वाड्यांवरचे कुणी असतील, किंवा कुणाचे पाहुणे तिकडे असतील, तर चहाच्या वेळी मला भेटा. तिला लिहायचं नसेल तर न लिहू दे. पण तिला एकदा विचारायला तरी हवं.

वही मागच्या टेबलावर ठेवली आहे, पेनं दोन आहेत. शिपाईमामा तिथे बसलेत, ते पेन परत घेतल्याशिवाय सोडणार नाहीत, तुम्हाला माहीतच आहे.

सर, तुम्ही उठून गेला नाहीत, आभारी आहे.